आकडा शून्यापासून सुरू होतो

बसा, चहा सांगितलाय. तुम्हीही कधीतरी अशाच एखाद्या बारीक गोष्टीपायी पोळला असाल, म्हणून तुमच्याशी बोलतो. मी भिलाईतल्या सुपेल्यात राहतो, सतरा वर्षं वेबसाइट बनवून पोट भरतो, आणि माझी तक्रार एका आकड्याची आहे. वेबसाइटच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या चौकटीत तो असतो: ‘आजवरचे अभ्यागत’. तुम्ही त्याच्याकडे कधी पाहिलंही नसेल. माझी मात्र निम्मी कामं त्यानं खाल्ली.

आधी तो आकडा चालतो कसा, ते सांगतो. सर्व्हरवर एका फाइलीत एक संख्या लिहिलेली असते. कुणी पान उघडलं की प्रोग्राम ती वाचतो, त्यात एक मिळवतो आणि परत लिहून ठेवतो. दोघांनी एकाच क्षणी पान उघडलं तर एकाची नोंद गळते, म्हणून लिहिताना फाइलीला कुलूप घालावं लागतं. शोधयंत्रांचे बॉट रात्रंदिवस पानं चाळत हिंडतात, ती माणसं नव्हेत, म्हणून त्यांना वगळावं लागतं. एकानेच पान दहादा ताजं केलं तर दहा जण आले असं होऊ नये, म्हणून त्याच्या ब्राउझरमध्ये खूण ठेवावी लागते. हे सगळं मी करतो. बिलात त्याची वेगळी ओळ नसते. पण शेवटी चौकटीत जो आकडा येतो, तितकी माणसं खरोखर आलेली असतात.

हे सगळं जमवून झालं की दुकानदार म्हणतो, “भैया, मीटर दस हजार से चालू कर दो ना.”

पहिल्यांदा हे जीई रोडवरच्या एका दुकानात ऐकलं. मी म्हणालो, आकडा शून्यापासून सुरू होतो. तो म्हणाला, शून्य बघून गिऱ्हाईक आत येईल का? मी नाही म्हटलं, आणि काम दुसऱ्याकडे गेलं. त्या दुसऱ्यानं फाइलीत शून्याच्या जागी दहा हजार टाइप केले. पाच बोटं हलवली आणि माझ्या दोन महिन्यांचं भाडं घेऊन गेला.

आता हे कुठे घडलं बघा. हे गाव मापावर उभं आहे. १९५५ मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरच्या गाड्या ज्यावरून धावतात ते रूळ इथून जाऊ लागले. माझे वडील रेल मिलमध्ये होते. रूळ बाहेर पाठवण्याआधी त्याच्या पोटातून ध्वनिलहरी सोडून तपासणी होते. डोळ्याला न दिसणारी चीर आत सापडली तरी तो रूळ बाद. ती चीर कुठल्याच प्रवाशाला कधी दिसणार नसते, तरी बाद. जेवताना हे ऐकत मी मोठा झालो. मग चौकटीतला आकडा कोण मोजायला बसलंय, या दुकानदारांच्या प्रश्नाला मी मान कशी डोलवणार?

रविवारी सुपेल्याचा बाजार भरतो. तिथला टमाटेवाला घ्या. त्याच्या काट्याला २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. ठरावीक मुदतीत काट्याची पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. पन्नास ग्रॅम कमी भरले तर बाई पिशवी खाली ठेवून भांडते, आणि बरोबर करते. त्याच बाईला फोनच्या पडद्यावर दहा हजार खोटी माणसं दाखवली जातात, तेव्हा तिच्या बाजूने भांडायला कुणीच नसतं. म्हणून मी भांडतो.

पुढे मागण्या वाढत गेल्या. गोदामात चाळीस नग असताना ‘फक्त २ शिल्लक’ लिहा. सवलत संपायचं घड्याळ लावा, आणि पान पुन्हा उघडलं की ते पहिल्यापासून चालू द्या. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार अधिसूचित केले. खोटी घाई हा त्यातलाच एक, आणि वस्तूची खोटी लोकप्रियता दाखवणंही त्यातच येतं. मी ती अधिसूचना छापून घेतली आणि पिशवीत ठेवू लागलो. एका साडीवाल्यानं ती उलटून पाहिली आणि म्हणाला, हे मोठ्या कंपन्यांसाठी असतं. तसं नाही. भारतात वस्तू आणि सेवा देणाऱ्या सगळ्या मंचांना, विक्रेत्यांना, जाहिरातदारांना ते लागू आहे. मी तसं सांगितलं. तेही काम गेलं.

धंद्यात चढउतार सगळ्यांना असतात. २०२० च्या टाळेबंदीत ज्याला त्याला वेबसाइट हवी होती, मला जेवायला फुरसत नव्हती. तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं. दोनच वर्षांत फोन थंडावला. तयार साच्यात कुणाचाही भाचा दुपारभरात साइट उभी करू लागला. खोट्या आकड्याची मागणी नेमकी अशाच महिन्यात येते. तशा एका महिन्यात सहा हजारांची आगाऊ रक्कम मी परत केली. खोलीचं भाडं थकलं होतं आणि घरमालक याच गल्लीत राहतो.

पैशाचंही तेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार माझ्यासारख्या नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. न आलेली दहा हजार माणसं ज्याला मोजता येतात, त्याला उगवलेले आणि मावळलेले पंचेचाळीस दिवस मोजता येत नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी जीई रोडवरच्या त्याच पहिल्या दुकानदाराचा फोन आला. त्याला जाहिरातीवर पैसे घालायचे होते, त्याआधी पानावर रोज किती लोक येतात हे हवं होतं. मी फाइल उघडली. दहा हजारांपासून सुरुवात होतीच, शिवाय दर भेटीला कधी तीन, कधी सात मिळवले जात होते. आकडा लाखाच्या पुढे गेलेला, आणि त्यातली खरी माणसं किती, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. इतक्या वर्षांत जे खरोखर आले, त्यांचीही नोंद त्या खोट्यात बुडाली होती.

मी शून्य लिहिलं. आठवड्याने त्रेसष्ट झाले. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, मग वहीत लिहून घेतला.

त्या कामाचं बिल देऊन आज एक्कावन्न दिवस झाले. तेही मी शून्यापासूनच मोजलेत.