न हरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

टेकन, स्ट्रीट फायटर अशा मारामारीच्या गेममध्ये नाव तर कमवावे, पण कुणाचा मार मात्र खाऊ नये, अशी इच्छा बाळगणारे होतकरू बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत जागोजागी आहेत. त्यांची सोय व्हावी म्हणून ही पद्धत देत आहोत.

या विद्येत दोन पंथ आहेत. पुतळापंथी ‘ट्रेनिंग मोड’ उघडतो आणि समोर निमूट उभ्या असलेल्या पुतळ्याला हवे तसे बडवतो. झुंजपंथी शेजारी जिवंत माणूस बसवतो आणि बहुधा स्वतः बडवून घेतो. यात श्रेष्ठ कोण, यावर पोरांमध्ये जेवढी भांडणे होतात तेवढी सरपंचपदाच्या आरक्षणावरूनही होत नसतील. आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला हरायचे नाही, त्याने डोळे झाकून पहिला पंथ धरावा.

साहित्य

फोन किंवा प्लेस्टेशन (चुलत्याचे चालेल). आतून कडी लागणारी खोली. चार्जर. कारणांची यादी (पुढे दिली आहे).

पायरी १: पुतळ्याची ओळख

पुतळा उलटून मारत नाही, चिडत नाही, हरल्यावर आईकडे तक्रार नेत नाही. त्याची लाईफ संपली की आपोआप भरते. असा प्रतिस्पर्धी भाग्यानेच मिळतो.

थोडे शास्त्र. हे गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवतात. त्यातले एक चित्र म्हणजे एक फ्रेम. टेकनमधला चपळ ठोसा १० फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला तेवढा किंवा त्याहून जास्तच वेळ लागतो. तेव्हा असा ठोसा पाहून अडवणे जवळपास अशक्य. तो येणार हे आधीच ओळखावे लागते. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखायची कला पुतळ्याकडून शिकता येत नाही, कारण त्याच्या मनात काहीच नसते. साधकाने या मुद्द्यावर फार वेळ घालवू नये.

पायरी २: कॉम्बो घोटणे

एक फटका बसल्यावर समोरचा सावरायच्या आत दुसरा, तिसरा, चौथा बसवत जाणे म्हणजे कॉम्बो. १९९१ च्या स्ट्रीट फायटर-२ मध्ये ही सोय कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. गाडी फोडायच्या बोनस फेरीत निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या ती लक्षात आली, आणि एवढे अवघड कोण करत बसणार, असे वाटून त्यांनी ती तशीच राहू दिली. आज जगभरातली पोरे रात्ररात्र जागून तेच करत बसतात.

साधकाने पंधरा फटक्यांचा एक कॉम्बो निवडावा आणि झोपेतही चुकणार नाही इतका घोटावा. मात्र पहिला फटका लागणार कसा, हा प्रश्न मनात आणू नये. पुतळ्याला तो लागतोच.

पायरी ३: पूर्वजांचा दाखला

‘लाकडाशी कुस्ती खेळतोय’ असे कुणी हिणवले, तर मल्लखांबाचे नाव घ्यावे. परंपरेने चालत आलेली कथा अशी: निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब हे दोन मल्ल दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी पुण्याला आव्हान दिले. ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले, मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन साधना केली, आणि झाडावरच्या माकडांच्या उड्या पाहून खांबावरचा सराव काढला. (बीड १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होते. कथा सांगताना आपली बाजू कोणती, हे साधकाने आधी ठरवून घ्यावे.)

कथेचा शेवट मात्र सांगू नये. मुदत संपली तेव्हा बाळंभटदादा खांब सोडून अलीसमोर उभे राहिले आणि त्यांनी त्याला चीत केले. खांब होता तो अलीसाठी. ऐकणाऱ्याला हे कळले की तो लगेच विचारतो, ‘मग तुझा अली कोण?’ अशा वेळी चार्जिंग संपल्याचे सांगून उठावे.

फारच अडचण झाली तर म्हणावे, की मल्लखांब आज कुस्तीवाचूनही ताठ उभा आहे. त्याच्या स्वतंत्र स्पर्धा भरतात आणि त्या पाहण्यासारख्या असतात. आपणही कॉम्बोचे रील काढून त्याला गाणे लावावे. रीलमधला पुतळा कॉमेंट करत नाही.

पायरी ४: जिवंत माणूस समोर आल्यास

कितीही काळजी घेतली तरी लग्नात, जत्रेत किंवा दिवाळीच्या सुटीत एखादा मावसभाऊ म्हणतोच, “काय रं, लई दिस झाले, मारायची का एक फाईट?” नाही म्हणता येत नाही, कारण सगळी भावंडे भोवती कोंडाळे करून बसलेली असतात.

मावसभाऊ टेकन-३ मधला एडी घेतो. रिमोट मांडीवर ठेवतो आणि लाथांची दोन बटणे अंगठ्याने आलटून पालटून बडवत सुटतो. एडी हात जमिनीला टेकवून गरगर फिरतो. साधकाचा कॉम्बो दुसऱ्याच फटक्यावर अडतो, कारण पुतळा कधी खाली बसला नव्हता. दुसऱ्या राऊंडला कॉम्बो सुरूच होत नाही. तिसऱ्या राऊंडला मावसभाऊ एका हाताने खेळतो. दुसरा चिवड्याच्या ताटलीत असतो.

आता यादी काढावी:

‘लॅग होता.’ बीडकराला उशीर समजावून सांगावा लागत नाही. १९९५ साली मंजूर झालेल्या नगर-बीड-परळी मार्गावर बीडहून गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मात्र दोघे एकाच टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले असताना हे कारण देऊ नये.

‘रिमोटचं बटण अडकतंय.’ रिमोट आपलाच असेल तर जपून.

‘एडी घेणं म्हणजे चीटिंग.’ पिढ्यान्पिढ्या चालत आलेले, सर्वमान्य.

‘मी मन लावूनच खेळलो नाही.’ हे उठता उठता म्हणावे.

एक वाक्य मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नये: ‘परत दाखव बरं ती लाथ.’ हे म्हटले की माणूस शिकायला लागतो, आणि शिकायला लागलेला माणूस पुढे कितीतरी वेळा हरतो.

पायरी ५: विरुद्ध पंथाची निंदा

मावसभावाचेही फार कौतुक करू नये. तो शाळेपासून रोज झुंजतो आहे आणि शाळेपासून तीच दोन बटणे दाबतो आहे. आपण का जिंकलो हे त्याला माहीत नाही, त्यामुळे कधी हरला तर का हरलो हेही कळणार नाही. लाथ अडवून, तिच्या मागे उरणाऱ्या अर्ध्या क्षणात उलटा ठोसा घालणारा कुणी भेटला, की त्याची विद्या संपते. ते त्याने एक संध्याकाळ पुतळ्यासमोर बसून शोधले असते; पण बसेल तो मावसभाऊ कसला!

पायरी ६: हंगामाचे वेळापत्रक

आपल्या जिल्ह्यात पुतळापंथ फोफावायला एक खरे कारण आहे. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. सोबत जाणारी पोरे मोजणीत येत नाहीत. गावातला सर्वांत चिवट खेळणारा नेमका त्यांच्यात असतो. मागे राहिलेल्याने मग कुणाशी खेळायचे? हे महिने पुतळ्याचेच, आणि त्याबद्दल कुणी कुणाला हसू नये.

पण सावध असावे. तो पोरगा तिकडे कोपीत (झोपडीत) रात्री फुटक्या काचेच्या फोनवर दुसऱ्या टोळ्यांतल्या पोरांशी खेळत असतो: कधी पाथर्डीचा, कधी जतचा, प्रत्येकाची मारायची रीत वेगळी. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, तो गावी येतो तेव्हा त्याच्याकडे कॉम्बो एकच असतो, पण आपण तो सुरू करणार हे त्याला आपल्याआधी कळते.

पायरी ७: टाळायची उदाहरणे

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पुतळापंथीयांना आपला वाटतो, कारण धावणारा माणूस एकटा दिसतो. पण २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ नोंदवून रौप्य घेतले, ते केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या पाठीला लागून. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता. दोघांत अंतर होते ०.०५ सेकंद, म्हणजे गेमच्या भाषेत ३ फ्रेम. घड्याळाशी एकट्याने धावून वेळ सुधारते. पुढचा धावपटू मध्येच वेग वाढवतो तेव्हा काय करायचे, हे घड्याळ सांगत नाही.

पाटोद्याच्या राहुल आवारेचे नाव तर काढूच नये. घरात वडिलांपासून कुस्ती, तरी तो पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांकडे गेला, पुढे काका पवारांकडे. बैठका मारायला कुणी पाटोदा सोडत नाही. त्या पाटोद्यातही मारता येतात. गाव सोडावे लागते ते अंगावर येणाऱ्या तोडीच्या गड्यांसाठी. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम कुस्तीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ ने हरवले. म्हणजे सुवर्णपदकाच्या कुस्तीतही त्याने सात गुण दिले. ही बाब लहान मुलांपासून लपवावी.

लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये टेकन-७ च्या ईव्हो जपान आणि लास व्हेगासच्या ईव्हो या दोन्ही स्पर्धा जिंकून गेला. बाहेरच्या जगाला तो फारसा माहीत नव्हता, कारण तो घरच्याच खेळाडूंशी झुंजून तयार झाला होता. ‘आमच्याकडे असे आणखी आहेत’ हे त्याच्याकडून ऐकल्यावर कोरियाचा ‘नी’ हा नामांकित खेळाडू थेट पाकिस्तानात जाऊन त्यांच्याशी खेळून आला. पुतळा तर कोरियातही होता.

शंका-समाधान

*टेकन-८ मधले ‘घोस्ट’ चालेल का?* २०२४ च्या जानेवारीत आलेल्या या गेममध्ये आपली खेळायची रीत शिकणारे भूत आहे. दुसऱ्याचे भूतही उतरवून घेता येते. पण स्वतःच्या भुताकडून मार खाताना आपण कुठे कुठे उघडे पडतो ते स्वच्छ दिसते, म्हणून न हरणाऱ्याने त्यापासून लांब राहावे. शिवाय त्याला पीएस-५ किंवा तेवढाच दमदार काँप्युटर लागतो. त्यापेक्षा एसटीने मित्राकडे जाणे स्वस्त पडते.

*एवढे सांगूनही एखाद्याला जिंकायचेच असेल तर?* हा प्रश्न या पद्धतीच्या कक्षेबाहेरचा आहे. तरी उत्तर असे: आधी माणसाशी खेळावे आणि हरावे. ज्या एका लाथेने घात केला ती लक्षात ठेवावी. घरी येऊन ती पुतळ्याला शिकवावी. ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याची हालचाल रेकॉर्ड करता येते. आता मार खाण्याची पाळी आपली. ती लाथ अडवता येऊ लागली की उठून त्याच माणसाकडे जावे. तो तोवर दुसरी लाथ काढील. मग पुन्हा घर, पुन्हा पुतळा, पुन्हा तोच माणूस.

या मार्गाने जाणाऱ्याच्या पराभवांची जबाबदारी आम्ही घेत नाही. पुढेमागे विजय मिळालाच, तर त्याचे श्रेयही आम्हाला देऊ नये. ते मावसभावाला द्यावे, आणि पुढची फाईट मागावी.