खुनाला तेल सुटत नाही

वैरागात खून करायचा म्हटलं की पहिली अडचण एकांताची. इंग्रजी पुस्तकांत बरं असतं. पाद्रीबुवांच्या अभ्यासिकेत कर्नल मरून पडतो आणि बागेच्या फाटकातून कोण आलं, कोण गेलं यावर अडीचशे पानं निघतात. आमच्या गल्लीत तेवढ्या वेळात कोण आलं, कुणाच्या गाडीवरून आलं, पिशवीत काय होतं आणि ते बार्शीहून आणलं की सोलापूरहून, हे ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या चौघी सांगतील. पाचवी त्याचं लग्न का मोडलं तेही सांगेल. कादंबरी पहिल्याच पानावर आटोपते.

तरी ती मीच लिहायची असं ठरवलं, कारण माझ्याइतकं लायक माणूस मला तालुक्यात दुसरं दिसेना. शेजारच्या कुकरच्या शिट्टीवरून आत डाळ आहे की बटाटे, हे मी सांगते. फोडणीच्या वासावरून पाहुणे माहेरचे की सासरचे तेही सांगते. आमचे हे याला भोचकपणा म्हणतात. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या मिस मार्पलला घरात असं कुणी म्हणत नव्हतं, कारण तिला नवरा नव्हता. तिचं एवढं नाव झालं यामागं ते एक मोठं कारण असावं.

या पुस्तकांचं वेड मला सुनेनं लावलं. तिच्या फोनवर जोआन फ्लूकबाईंची मालिका होती. २००० साली सुरू झालेली, अमेरिकेतल्या मिनेसोटाची. हॅना नावाची बिस्किटवाली, तिचं दुकान, दुकानामागं मेलेला दूधवाला, आणि मध्येच बिस्किटांची कृती. मुडदा पडलाय, पोलीस आलेत आणि बाई सांगतेय लोणी किती घ्यायचं. मला हे फार आवडलं. पुढच्या प्रत्येक पुस्तकात त्याच गावात आणखी एक मुडदा पडतो, तरी गाव सोडून कुणी जात नाही. बिस्किटं चांगली असणार.

आपल्याकडं रहस्यकथा काय कमी झाल्या? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहून ठेवल्या. माझ्या वडिलांनी त्यातल्या निम्म्या तरी वाचल्या असतील, बाकीच्या वाचनालयात कुणी परत केल्या नाहीत म्हणून राहिल्या. पण त्यांचा झुंजार काय किंवा काळा पहाड काय, यांपैकी कुणी निवांत बसून आमटी-भाकरी खाल्ल्याचं माझ्या डोक्यात नाही. दूरदर्शनवरचा करमचंद तेवढा खायचा. तेही गाजर, तेही कच्चं. एक भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपला वाटायचा, कारण तो फुरसुंगीचा. फुरसुंगीतून डिटेक्टिव्ह निघू शकतो, तर वैरागातून का नाही? शिवाय मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीबाईंच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आणून ठेवल्यात, म्हणजे इंग्रजी येत नाही हीही सबब उरत नाही.

मार्पलची पहिली गोष्ट १९२७ची. खोलीत सगळे शहाणे बसलेत: पोलीसखात्यातला मोठा साहेब, वकील, पाद्री, लेखक. एका माणसाची बायको जेवणानंतर विषानं मेली. नवऱ्याच्या टीपकागदावर एका पत्रातले ‘हंड्रेड्स अँड थाउजंड्स’ हे शब्द उमटलेत. शहाण्यांना त्यात पैशांचे आकडे दिसतात. कोपऱ्यात विणत बसलेल्या म्हातारीला मात्र त्यात पुडिंगवर भुरभुरायची, त्याच नावाची रंगीत साखर दिसते, कारण तिनं आयुष्यभर ती भुरभुरलेली असते. मी ती गोष्ट संपवली आणि उठून पोह्याचा डबा जागेवर आहे का ते बघितलं. इतकं मला ते लागलं.

माझी नायिका शालनकाकू. वैरागच्या एसटी स्टँडजवळ तिचं भाकरी केंद्र. वय साठ, नजर तिखट, दिसायला साधारण माझ्यासारखी, फक्त जरा उंच आणि गुडघे चांगले.

मग मारायचं कुणाला? श्रीमंत, तुसडा, एकटा राहणारा म्हातारा लागतो. श्रीमंत आणि तुसडे आमच्याकडं मिळतील, एकटा कुणी मिळणार नाही. जो कुणी डोळ्यांसमोर आणावा त्याच्या नातवाचं माझ्या भाच्याकडं स्थळ आलेलं. बातमी कशी फुटली ठाऊक नाही, पण समोरची रखमा दारात येऊन म्हणाली, “काकू, पुस्तकात माणूस मारायलाव म्हणं. आमच्या मामांना घ्या की. वाचता येत न्हाई त्यास्नी.” शेवटी पुण्याहून आलेला एक बिल्डर धरला. पुण्याचा म्हटल्यावर गावात कुणाची हरकत आली नाही.

विष घालून मारणं हा या पुस्तकांतला राजमार्ग. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीत काम करत होत्या, त्यांचा त्यात हात बसलेला. डोरोथी सेयर्सबाईंनी १९३० साली ऑम्लेटमधून सोमल घातला. मारणाऱ्यानं अर्धं ऑम्लेट स्वतः खाल्लं, कारण त्यानं सोमलाची आधीपासून सवय करून घेतली होती. (पुस्तक इतकं जुनं आहे की रहस्य फोडलं म्हणून कुणी भांडू नये.) पण ही सगळी ताट-ताट वेगळं वाढणाऱ्यांची कामं. आमच्याकडं पंगत. येसराची आमटी एका पातेल्यात, वाढपी एक, पळी एक. बिल्डरच्या वाटीत सोमल घालायचा तर त्याच्या उजवीकडचे सरपंच आणि डावीकडचे गुरुजीही जाणार. शिवाय येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले यांचं पीठ; बिघडलं की पहिल्या भुरक्याला कळतं. आमच्या भागातल्या लग्नात बाकी सगळं चुकलं तर चालतं, आमटी चुकली की पन्नास वर्षं बोलतात.

तरी विषाची माहिती असावी म्हणून मी ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. पोरगा माझ्या लेकाच्या वर्गातला. मी सरळ विचारलं, वास न येणारं, चव न कळणारं औषध कुठलं आणि किती लागतं.

त्याचा लिहिता हात थांबला. तो काउंटरच्या बाहेर आला, मला खुर्ची दिली, कामावरच्या पोराला चहा आणायला पिटाळलं आणि हळूच म्हणाला, “मावशी, घरात समदं बरं हाय न्हवं?” गोष्टीसाठी विचारतेय हे मी सांगेपर्यंत त्यानं एका हातानं आमच्या ह्यांना फोन लावलाही होता. अवेळी कुणी येऊन असं विचारलं की तो माल देत नाही, बसवून घेतो, चहा पाजतो, घरच्यांना बोलावतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. का सुरू केलं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही.

आमच्याकडं औषध कुणी कुणाला घालत नाही. ज्यानं त्यानं स्वतःच घेतलेलं असतं. पंचनामा होतो, पण कुणी केलं असा प्रश्नच येत नाही. कांद्याचा भाव, बँकेची नोटीस, वाळलेली बोअर. सगळं गल्लीला आधीपासून पाठ असतं. मघाशी मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमच्या ओट्यावरच्या बायकांपासून काही लपत नाही. लपत नाहीच. माहीत असूनही माणूस जातो. त्या दिवशी मला त्या गोड पुस्तकांचा पहिल्यांदा राग आला. मेलेला दूधवाला कुणाचा तरी मुलगा असेल की नाही? त्याच्या आईला चार ओळी नाहीत, आणि बिस्किटांना दोन पानं.

विष बाद केलं. आमचे हे महिनाभर मला गोठ्याकडं एकटीला जाऊ देत नव्हते, ते वेगळंच.

मग डोक्यात घालायचं हत्यार. रोआल्ड डालची १९५३ची गोष्ट आहे. बायको बर्फात गोठलेली मटणाची तंगडी नवऱ्याच्या टाळक्यात घालते, मग ती भाजते आणि तपासाला आलेल्या पोलिसांनाच वाढते. काय डोकं! पण आमच्या फ्रिजवर भरवसा ठेवून तंगडी उचलावी, तर मारायच्या वेळेला ती मऊ पडलेली असायची. मला कडक भाकरी सुचली. सोलापूरची कडक भाकरी, महिना-महिना टिकणारी. मारा, मग आमटीत चुरा आणि पोलिसांना वाढा. पण ती कागदासारखी पातळ. बिल्डरच्या डोक्यात घातली तर त्याला लागणार नाही, नुसता चुरा सांडेल. म्हणून उखळातली मुसळी घेतली. धुतली की पुरावा गेला, आणि लगेच तिनंच चटणी कुटता येते.

आता चटणीचं सांगते. कादंबरीत हे प्रकरण चाळीस पानांचं झालंय, त्यातलं एक अक्षर मी कमी करणार नाही. शेंगाचटणी कुटायचीच असते. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे. साल पाखडायचं, पण फार सोवळं पाळायचं नाही; थोडं राहिलं तर रंग येतो. लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट, आणि मुसळी. घावानं दाणा चेंगरतो, त्याच्या पोटातलं तेल निघतं, त्या तेलात तिखट आणि लसूण मुरतात. मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे आणि तळहात चकाकला पाहिजे. मिक्सरचं पातं दाणा कापतं, चेंगरत नाही. थांबत थांबत फिरवाल तर कोरडा कूट मिळतो. रेटून फिरवाल तर भांडं तापून लगदा होतो आणि लसूण उग्र मारतो. असली चटणी पाकिटात भरून सोलापुरी म्हणून विकतात, आणि लोक ती दह्यात कालवून वाहवा म्हणतात. दही घातल्यावर काय, लाकडाचा भुसाही गोड लागेल! कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं देऊन पोरीबाळींची सोय केली, उपकारच त्यांचे, पण मुसळीचे घाव किती, याला वाटी नाही. माझ्या आत्या, म्हणजे सासूबाई, घावाच्या आवाजावरून सांगायच्या. आधी खडखड, मग धपधप, मग एक ओला, मऊ आवाज. तो आला की त्या आतून म्हणायच्या, “बास.” त्या गेल्यापासून ‘बास’ म्हणणारं कुणी नाही, मी आपली कुटत राहते.

तर पुरावा असा. खुनी बाई सांगते, “मी दुपारभर रानातल्या वस्तीवर चटणी कुटत होते.” शालनकाकू चिमूटभर चटणी घेते, दाबते. हात कोरडा! म्हणजे चटणी मिक्सरची. पण त्या आठवड्यात वस्तीवरची लाइट रात्रपाळीची, दिवसा मिक्सर फिरणार कशावर? म्हणजे बाई दुपारी गावात होती. पोलीस तोंडात बोट घालतात, पंखा बंद होतो, प्रकरण संपतं. हे सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ख्रिस्तीबाई असत्या तर त्यांनाही आली नसती.

वाचायला पहिल्यांदा जाऊबाईंना दिलं. त्यांनी एका बैठकीत संपवलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, “लसूण कमी सांगितलाय.” खुनाबद्दल अवाक्षर नाही. मी विचारल्यावर म्हणाल्या, “त्यांच्या वस्तीवर सोलर हाय की गं.” मी म्हटलं, माझ्या कादंबरीत नाही. मग त्यांनी पानं परत चाळली. रानातली वस्ती, निळा मिक्सर, डाव्या हाताला मोडलेली करंगळी. “ही खुनी बाई कोण म्हणायची, वहिनी?” त्यांच्या मिक्सरचा रंग निळा आहे हा निव्वळ योगायोग आहे. करंगळीचं मी मान्य करते.

तेव्हापासून बोलणं बंद. काल पुतण्या डबा घेऊन आला आणि पढवल्यासारखं म्हणाला, “आईनं सांगितलंय, हात लावून बघा म्हणावं.” डब्यात शेंगाचटणी. मी चिमूट घेतली, दाबली. लाडू वळला, तळहात चकाकला. पोरगा दारात उभा राहून बघत होता. मी हात नाकाशी नेला. चटणी चांगली होती, फार चांगली होती. पण दाण्याच्या तेलाचा वास मला कळतो, आणि हा करडईचा होता. बाईनं वरून सोडलंय.