माईंच्या ओट्यापाशी काय चाललंय?

अहो वहिनी, जरा अशा इकडे या, जास्वंदीच्या बाजूला. तिथून बोललं की थेट माईंच्या स्वयंपाकघरात ऐकू जातं. ऐकलंत का? त्यांच्याकडे ती स्कूटरवाली मुलगी येते ना, पाठीला सॅक, पायात पांढरे बूट... कोपऱ्यावरच्या काकू म्हणत होत्या विम्याची एजंट असेल. छे हो! फिजिओ आहे ती. घरी येऊन व्यायाम करून घेते. आणि माईंना झालंय काय म्हणाल, तर काही नाही. हाड मोडलेलं नाही, गुडघा बदललेला नाही. पडू नये म्हणून येते. पडायच्या आधी! समोरच्या अप्पांना कळलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे आभाळ निरभ्र असताना छत्री उघडून बसायचं." अप्पांचं तुम्हाला माहीतच आहे.

आभाळ काही अगदीच निरभ्र नव्हतं, पण हे आपल्यात ठेवा हं. नवरात्रात माई मोरीत घसरल्या होत्या. कुण्णाला सांगितलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला आल्या, पदर सरकला आणि कोपरावर हा एवढा काळानिळा डाग. म्हटलं, "माई, हे काय?" तर म्हणतात कशा, "दाराचा कोपरा लागला." दाराचा कोपरा म्हणे! खरं भय निराळंच. लेकीला कळलं तर ती मिरजेहून तडक येणार, भावजयीला चार शब्द सुनावणार आणि आईचं फिरणं बंद करणार.

आणि झालंही अगदी तस्संच. कुणी सांगितलं ते मला विचारू नका.

लेक, म्हणजे सुनेच्या वन्सं, आल्या त्याच मुळी वेताची खुर्ची घेऊन. हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवली, आईला बसवलं आणि हुकूम सोडला, "आता आईने काही करायचं नाही. पाणीसुद्धा हातात द्यायचं." सून बिचारी मान डोलावत उभी. घरातल्या सगळ्यांचं मग तेच चालू झालं, माई तुम्ही बसा, माई तुम्ही राहू द्या, फुलं मी आणते, देवपूजा मी करते. किती प्रेमाची माणसं, असं आपणही म्हणालोच की! संक्रांतीपर्यंत काय झालं, तर माईंना खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायला लागले. उंबरठा ओलांडताना चौकट धरायच्या. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण नवरात्राआधी त्यांना कुणी चौकट धरताना पाहिलं होतं का? बसून बसून मांड्या गेल्या हो. आणि मांड्या गेल्या की तोल गेलाच.

तर काय सांगत होते... हां, ती फिजिओ. सुनेनेच शोधली. गुपचूप. डॉक्टरांना विचारून, बीपी वगैरे तपासून रीतसर. पण पहिल्याच दिवशी नेमक्या वन्सं हजर! मी कढी द्यायला गेले होते म्हणून, नाहीतर मला काय कळणार. त्या मुलीने काही यंत्रबिंत्र काढलं नाही. खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "आजी, उठायचं, तिथपर्यंत नेहमीसारखं चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं." मोबाईलवर वेळ लावली. माईंना लागले एकोणीस सेकंद. वन्सं कौतुकाने म्हणतात, "बघा, व्यवस्थित चालते की आई." तर ती पोरगी शांतपणे म्हणाली, "बाराच्या वर गेलं की आम्ही सावध होतो." मग पाय जोडून उभं केलं, एक पाऊल थोडं पुढे घेऊन उभं केलं, मग टाचेला अंगठा लावून. तिसऱ्याला माईंनी भिंत धरली. दहा सेकंदांचं काम होतं हो, चारसुद्धा झाले नाहीत.

वन्संचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. पण हार मानतील तर त्या वन्सं कसल्या? म्हणाल्या, "म्हणूनच मी म्हणते, बसवून ठेवा." तेव्हा ती मुलगी म्हणाली, "बसवून ठेवल्यामुळेच हे झालंय, ताई." एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. सून लगेच कढीचं पातेलं घेऊन आत. हसू लपवायला, दुसरं काय!

तेवढ्यात अप्पाही आले, पेपर परत करायला म्हणून. पेपर कसला, कान टवकारून आले होते. "हे फॅड कुठलं?" म्हणाले. तर हे फॅड निघालं न्यूझीलंडचं. तिकडे ड्युनेडिन म्हणून गाव आहे, तिथलं ओटागो विद्यापीठ. कॅम्पबेल आणि रॉबर्टसन म्हणून दोघे संशोधक, त्यांच्या लोकांनी हे बसवलं. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलात छापून आलंय म्हणे. ऐंशी आणि त्यावरच्या २३३ बायका घेतल्या. सगळ्या आपापल्या घरी राहणाऱ्या, बरं का. निम्म्यांकडे फिजिओ पाठवली, पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा, आणि पायांचे नि तोलाचे व्यायाम शिकवले. पुढे जिचं तिने घरी करायचं. वर्षभरात त्या निम्म्या मिळून ८८ वेळा पडल्या. आणि उरलेल्या? १५२ वेळा!

आता यात मला काय झोंबलं ते सांगते. उरलेल्या निम्म्यांकडेही तितक्याच वेळा माणूस जात होतं. पण व्यायाम शिकवायला नाही, नुसतं भेटायला. बसायचं, विचारपूस करायची, गप्पा मारायच्या आणि निघायचं. म्हणजे आपल्यासारखंच की हो! आणि तरी बायका १५२ वेळा पडल्या. अप्पा माझ्याकडे बघून असे काही हसले ना... "ऐका," म्हणाले, "शास्त्राने सिद्ध केलंय, गप्पांनी काही होत नाही." मी कढीचं पातेलं मागून घेतलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी गेले परत, ते सोडा.

तर हे व्यायाम म्हणजे काय, तर बघाल तर हसाल. सगळं त्या ओट्यापाशी. ओटा धरायचा आणि टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे. पाय बाजूला न्यायचा नि परत आणायचा. गुडघा मागे दुमडायचा. घोट्याला वेल्क्रोचे पट्टे बांधायचे, त्यात वजन असतं. माईंनी अर्ध्या किलोपासून सुरू केलं, आता एकावर आल्यात. खुर्चीत बसून पाय सरळ करतात त्या पट्ट्यासकट. मग तोलाचं. टाचेला अंगठा लावत ओट्याच्या कडेने चालायचं, उलटं चालायचं, आडवं चालायचं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरायचं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, आणि मधल्या दोन दिवशी फाटकाबाहेर फेरी. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, हे माईंचं सगळ्यात नावडतं. मोजताना फसवतात हो! "पाच, सहा, आठ"... सून म्हणते, "आई, सात राहिले." "सात मनात झाले," म्हणतात.

पण ती पोरगी काही ऐकून घेत नाही. जरा सोपं वाटायला लागलं की लगेच अवघड करते. ओटा दोन हातांनी धरत होतात ना, आता एकाने. एकाने जमलं ना, आता दोन बोटांनी. वन्सं म्हणाल्या, "इतकं कशाला? हळूहळू हातपाय हलवले तरी पुरे की." तर म्हणे नाही पुरत. तोल थोडा डगमगायलाच हवा, त्याशिवाय शरीर सावरायला शिकत नाही. मात्र धरायला ओटा जवळ हवा, आणि छातीत दुखलं, गरगरलं तर तिथल्या तिथे थांबायचं.

आणि घराची झडती! ते तर सांगायचंच राहिलं. मोरीपाशी गेली, पायपुसणं पायाने सरकवून बघितलं, घसरलं, उचलून ठेवलं. माईंच्या गुळगुळीत तळाच्या सपाता बाहेर. गाऊनचा घेर घोट्याच्या वर घ्यायला लावला. पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा. भिंतीत बार बसवायला सांगितलं, आणि टॉवेलचा दांडा धरायचा नाही म्हणून माईंकडून दोनदा वदवून घेतलं. मग आली हॉलमध्ये. हॉलमध्ये काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, वन्संनी दिलेला तो काश्मिरी गालिचा, कोपरे वर आलेला. मुलीला काय माहीत कुणाचा? "हा आधी गुंडाळा," म्हणाली. एकदम शांतता. सून माझ्याकडे बघेना, मी सुनेकडे बघेना. वन्संचा चेहरा असा उतरला... आणि माई, वहिनी, माई काय म्हणाव्यात? "मी कधीची म्हणतेय, याच्यात माझा पाय अडकतो." कधीची! चार वर्षांत चकार शब्द काढला नव्हता.

माईंच्या झोपेच्या गोळीचंही निघालं मग. त्यांना वाटायचं साधी गोळी, रोज अर्धी तर घेते. पण त्या ड्युनेडिनच्याच लोकांनी १९९९ साली असल्या गोळ्या हळूहळू सोडवून पाहिल्या होत्या, तर पडणं दोन तृतीयांशाने उतरलं. गंमत अशी की अभ्यास संपल्यावर महिन्याभरात बऱ्याच जणांनी परत चालू केल्या! माईंच्या डॉक्टरांनी आता कमी करत आणलीय. एकदम बंद करायची नसते ती, मनाने तर नाहीच नाही. चष्म्याचंही तसंच. तो वरखाली दोन नंबरांचा चष्मा घालून जिना उतरला की पायरी धूसर दिसते, म्हणून माई हल्ली गच्चीवर जाताना दुसरा घालतात. गच्चीवर जातात, हो!

सगळ्यात मला आवडलं ते पडल्यावर उठायचं शिकवलं ते. माणूस पडतं, हाड शाबूत असतं, पण उठता येत नाही म्हणून तासन्‌तास फरशीवर पडून राहतं. सतरंजी टाकून माईंना खाली निजवलं. कुशीवर वळा, कोपरावर या, मग हातागुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, हात खुर्चीवर, एक पाऊल पुढे रोवा आणि उठा. नातू खो खो हसतोय, "आजी रांगतेय!" माई पण हसायला लागल्या आणि परत आडव्या. पण तिसऱ्या खेपेला उठल्या. कुणाचा हात न धरता. सून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती, मी पाहिलं. मग मला म्हणाली, "काकू, त्या नवरात्रात किती वेळ मोरीत पडून होत्या ते त्यांनी मला आज सांगितलं." किती वेळ ते मी नाही सांगणार. तिने विश्वासाने सांगितलंय.

आणि अप्पा! अहो, छत्रीवाले अप्पा. परवा सकाळी मी दूध घ्यायला फाटकात, तर हे पारिजातकाला धरून एका पायावर उभे. मला पाहिलं आणि घाईने दुसरा पाय टेकवायला गेले, कुंडी आडवी. "फुलं वेचत होतो," म्हणाले. एका पायावर? मी आपली ती गोष्ट सहज, अगदी सहज, त्या मुलीच्या कानावर घातली. ती हसली नाही हो. उलट गेली त्यांच्याकडे, निजवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा पंचविसाने खाली! वीस उतरला तरी बघायला हवं असं म्हणतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांनी बायकोला, म्हणजे काकूंनासुद्धा, सांगितलं नव्हतं. आता बीपीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी बदललाय, आणि सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला जरा बसून मगच उभं राहायचं. मोबाईलवर बघून परस्पर व्यायाम करायचे नाहीत अशी ताकीदही मिळालीय. काकू मला म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही सांगितलंत." गप्पांनी काही होत नाही म्हणे! सांगा आता त्या न्यूझीलंडवाल्यांना.

माईंचं म्हणाल तर परवा परत चिकटपट्टी लावून वेळ घेतली. तेरा सेकंद. अजून बारा नाही झाले, पण वेताची खुर्ची मागच्या पडवीत गेली आणि देवपूजा माईंनी सुनेकडून परत घेतली. ती मुलगी आता रोज येत नाही, महिन्याला एक फेरी आणि मध्ये फोन. व्यायाम मात्र सोडायचे नाहीत, सोडले की कमावलेलं जातं, असं बजावून गेलीय. माई कॅलेंडरवर खुणा करतात. एकादशीच्या चौकटीतसुद्धा खूण आहे, मी पाहिली.

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. काल रात्री, नऊ वाजून गेले असतील, वन्संचा फोन. मला! माझ्याकडे त्यांचा फोन कधी येत नाही. आधी हवापाणी झालं, मग आवाज बारीक करून विचारतात, "ती मुलगी मिरजेला येते का हो? नाही, माझ्यासाठी नाही, आमच्या सासूबाईंसाठी." वहिनी, त्यांच्या सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. मी काही बोलले नाही. नंबर दिला आणि फोन ठेवला. फी किती घेते तेही विचारत होत्या. तेवढं मात्र मी म्हटलं, भावजयीला विचारा.