फूल येतं ना, मस्त येतं

शिळफाटे दोन आहेत. एक मुंब्र्याजवळचा, तिथे ट्रॅफिक अडकलं की बातमी होते. दुसरा आमचा, खालापूर तालुक्यातला, खोपोलीला लागून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. इथेही ट्रॅफिक अडकतं, बातमी तेवढी होत नाही. पाहुणे तिकडच्या शिळफाट्यावर उतरतात आणि मग 'तुमचं घर सापडत नाहीये' म्हणून फोन करतात. तेव्हा नुसत्या नावानं काही कळतं, असा आम्हा इथल्या माणसांचा गैरसमज नाही. तरीही नाव असावं, एवढी माफक अपेक्षा मी धरतो. तीही माणसाकडून नव्हे, झाडाच्या काळ्या पिशवीकडून.

कर्जत-खालापुरात फार्महाऊस वाढले आणि त्यांच्यामागोमाग रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीच्या नर्सऱ्या आल्या. माल टेम्पोनं येतो. काही उरुळी कांचनकडून, काही थेट आंध्रातल्या कडियमहून. आंध्राचं झाड ओळखायला सोपं. मुळाशी लाल चिकणमातीचा असा गच्च गोळा असतो की उन्हाळ्यात वरून घातलेलं पाणी त्याला विचारल्याशिवाय आत जात नाही. म्हणजे झाड कुठून आलं हे कळतं. कोण आलं, ते कळत नाही.

पाटी कधी नसतेच असं मी म्हणणार नाही. असते. आइस्क्रीमच्या काडीवर स्केचपेननं लिहिलेली असते आणि घाटाच्या पायथ्याचा पाऊस तिला जूनमध्येच कोरी करून ठेवतो. गुलाबांना फोटो टांगलेला असतो, तो पावसाला दाद देत नाही. मात्र सगळ्या गुलाबांना एकच फोटो असतो. पिवळ्यालाही लाल.

मग विचारावं लागतं.

"हे काय आहे?"

"शोचं आहे, काका."

"फूल येतं?"

"येतं ना. मस्त येतं."

"कोणत्या रंगाचं?"

"मिक्स."

"किती मोठं होतं झाड?"

"तुम्हाला केवढं पाहिजे?"

लिनियसनं 1753 साली वनस्पतींना दोन-दोन पदांची नावं देण्याची शिस्त लावली. आमच्या फाट्यावर ती एका पदात आटोपली आहे. शोचं, फुलाचं, फळाचं आणि व्हीआयपी. व्हीआयपी म्हणजे जे बंगल्याच्या गेटपाशी लावतात आणि ज्याचा भाव विचारल्यावर नर्सरीवाला आधी आपल्या चपलांकडे बघतो. भाव लिहिलेला नसतो, पण तो कधी चुकतही नाही. एवढी तल्लख स्मरणशक्ती नावाच्या वेळी कुठे जाते, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

यावर कुणी म्हणेल, झाडांच्या नावांचं एवढं काय घेऊन बसलात. मी नाही, इतिहास बसला होता. सतराव्या शतकात मलबारातल्या डच गव्हर्नरनं 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्यासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी झाडांची नावं आणि गुण तपासले आणि 1675 साली तसं नागरी लिपीत, स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या प्राचार्यपदावर राहिलेल्या थिओडोर कुकनं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जाडजूड नोंद केली. ती 1901 ते 1908 या काळात छापून आली. माझ्याकडे जी लेखी नोंद आहे, ती नर्सरीच्या पावतीची. तीवर लिहिलं आहे: 'झाड, 3 नग.' खाली सही आहे, पण ती वाचता येत नाही.

लांब जायला नको. खोपोलीहून लोकल पकडली की पळसदरीनंतरचं स्टेशन कर्जत. तिथे भाताचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या भाताच्या वाणाला गाव आहे, नंबर आहे: कर्जत 3, कर्जत 7. चार महिन्यांत कापून जाणाऱ्या भाताला एवढा मान, आणि माझ्या अंगणात पुढची तीस वर्षं उभं राहणार ते 'शोचं'.

फळझाडांचं त्यातल्या त्यात बरं. त्यांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात 1969 पासून कायदा आहे, परवाना लागतो. त्यामुळे हापूस म्हणून रायवळ गळ्यात मारायचा तर निदान कायद्याच्या नजरेआड मारावा लागतो. शिवाय कलम असेल तर डोळ्यांना दिसतं. खोडावर जोड असतो, तिथे साल जरा तिरकी, गाठीसारखी बसलेली असते. जोडाच्या खालून फुटलेला कोंब वेळीच खुडला नाही तर हापूस बाजूला राहतो आणि खुंट राज्य करतो. हे नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "दोन्हीकडून येतील की आंबे."

फुलझाडांची मात्र तक्रार करायलाही जागा नाही. मला जुई हवी होती. जुईची खूण साधी आहे: एक मोठं पान आणि त्याच्या देठाशी दोन्ही बाजूंना दोन चिमुकली पानं, कानांसारखी. कधीकधी तेही कान नसतात, पण शोधले तर चार पानांत एकाला तरी सापडतात. जाईचं निराळं. तिचं पान कढीपत्त्यासारखं दोन्ही बाजूंनी दलं घेऊन येतं आणि टोकाचं दल जरा लांबट. कुंदाचं पान एकटं आणि बोटाला लवदार लागतं. मोगऱ्याचं गुळगुळीत. हे एवढं मी उभ्यानं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, एक वेल उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घ्या, सगळ्यांचा वास येतो याला."

कोकमाचं दुःख त्याहून खोल आहे, कारण तिथे पाटी असूनही भागत नाही. बियांपासून केलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि सहा-सात वर्षांनी फुलल्याशिवाय कोण कोण आहे हे रोपाकडे बघून ओळखता येत नाही. म्हणून तर दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता'सारखे वाण निवडले, त्यांची कलमं मिळतात. आमच्या शेजाऱ्यांनी बियांचंच रोप घेतलं, कारण नर्सरीत सांगितलं होतं, "मादीच आहे, बघा ना पानं कशी नाजूक." त्या झाडानं सात उन्हाळे शेजाऱ्यांचं पाणी प्यालं. आता ते उत्तम वाढलेलं, सावली देणारं, देखणं नर झाड आहे. शेजारीण आमसुलं बाजारातून आणते आणि त्याच्याच सावलीत बसून निवडते.

पण नर्सरीवाल्यावर एकट्यावर राग काढणं अन्यायाचं होईल. झाड घरी आलं की खरे तज्ज्ञ जमतात. एका काकूंच्या मते जगातलं प्रत्येक झाड औषधी आहे. कशावर, ते त्यांना आठवत नाही, पण त्यांच्या सासूबाईंना सगळं माहीत होतं. आमच्या मेव्हण्यांना प्रत्येक पान बघून एकच वाक्य सुचतं: "हे आमच्या गावाला बांधावर कितीतरी." गावाला त्यांचे बांध किती, हे अजून कुणी मोजलेलं नाही. भाचा मोबाइल काढतो. मोबाइल फोटो घेतो, क्षणभर विचार करतो आणि तीन नावं सांगतो, प्रत्येकापुढे टक्के. टक्क्यांची बेरीज शंभर होते याचं भाच्याला फार समाधान. त्या तिघांपैकी एक झाड ब्राझीलचं असतं.

या सगळ्यांत कुणीही 'ठाऊक नाही' म्हणत नाही. हा माल आमच्या भागात कुणी ठेवतच नाही, असं मला वाटत होतं.

पावसाच्या तोंडावर फाट्यावर ठाकर बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं असतात, त्यांच्याबरोबर काकडाची फळंही, कारण शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. पुढे टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टोली. जुड्यांवर पाटी नसते आणि लागतही नाही. कुठली भाजी कोवळी घ्यायची, कशाची शीर काढायची, हे एका दमात सांगतात. अशाच एका मावशीला मी पिशवीतून नेलेली फांदी दाखवली. पान वरून गर्द हिरवं, खालून जांभळट. तिनं ते मोडलं, चीक आहे का बघितला, वास घेतला आणि परत दिलं. "नाय माहीत. आमच्या रानातलं नाय हे. खायाचं नका करू." मग लगेच विचारलं, "शेवळाचा वाटा किती देऊ?" मी दोन घेतले. प्रश्न विचारायचे पैसे द्यावेसे वाटले असा तो एकमेव प्रसंग.

ते जांभळट झाड आता कमरेएवढं झालं आहे. फूल अजून नाही. मिक्स येणार की कसं, ते बघू. गेल्या आठवड्यात नर्सरीवाला स्वतः शेणखताच्या गोण्या टाकायला आला. गोण्या उतरवता उतरवता त्याची नजर कुंडीवर गेली. तो जवळ गेला, पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"काका, हे भारी दिसतंय. कुठनं आणलंत?"

मी त्याची पावती आणून दाखवली. त्यानं ती वाचली, 'झाड, 3 नग', आणि ओळखीचं अक्षर दिसल्यासारखी मान हलवली.

"दोन-चार काड्या द्या ना तोडून. आपल्याकडे लावतो."

मी कात्री आणली. काड्या त्यानं ओल्या गोणपाटात नीट गुंडाळल्या, टेम्पोत बसला, आणि टेम्पो सुरू करता करता मान बाहेर काढली.

"नाव काय म्हणालात याचं? गिऱ्हाईक लई विचारतं हो."