रंगाशी दोन हात

रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी, पाण्याच्या टाकीपलीकडे, तारेच्या हँगरला एखादी वस्तू लटकलेली दिसली की समजावं, फवारेकाकांचा मुहूर्त लागला. वस्तू कधी व्हीलकॅप असते, कधी आरशामागचं झाकण, तर कधी मूळ गाडीलाही आठवणार नाही असा एखादा तुकडा. समोर काका. डोळ्यांना गॉगल, तोंडावर दोन्ही गालांना डबडी लावलेला मास्क, हातात निळे मोजे आणि अंगात स्वतःच्या लग्नातला सफारी. पहिल्यांदा हे ध्यान पाहिलं तेव्हा वॉचमनने मला हळूच विचारलं होतं, "साहेब, परत लॉकडाऊन लागला का?"

फवारेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छत्तीस वर्षं त्यांनी बँकेत दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिल्या. निवृत्तीनंतर ती नजर कुठेतरी लावणं भागच होतं. असा एक इसम प्रत्येक सोसायटीत असतो. त्याच्याकडे ड्रिल मशीन असतं. मागायला गेलात तर देतो, पण मशीनबरोबर स्वतःही येतो.

काकांच्या रंगसंसाराची सुरुवात गेटच्या खांबामुळे झाली. चौदा वर्षं वयाच्या त्यांच्या चंदेरी वॅगनआरचा डावा आरसा त्या खांबाला घासला. डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीने गाडीकडे न बघता, तंबाखू मळत सांगितलं, "अठराशे." काका घरी आले ते धुमसतच. "अठराशे? एवढ्याशा वाटीला?" आणि संध्याकाळी ते रंगाचा एक डबा घेऊन आले. बॉनेटखालच्या पट्टीवरचा रंगाचा कोड त्यांनी दुकानदाराकडून तीनदा ताडून घेतला होता.

पहिला प्रयोग झाला तो काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. गॅलरीला लागून देवघर, देवघरात निरांजन. काकांनी जेमतेम दोन फवारे मारले असतील. आतून काकूंचा आवाज आला, "डब्यावर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचलं की. चारशे ऐंशी रुपये."

काकूंनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, ज्वाळेचं चित्र पाहिलं आणि आधी निरांजन शांत केलं. अशा डब्यातून रंगाला बाहेर ढकलतो तो वायू बहुधा प्रोपेन-ब्यूटेनचा, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाच. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खिडकीतून निघून न जाता फरशीवर पसरून बसतो. वास घालवायला काका पंख्याच्या बटणाकडे निघाले, तर काकूंनी त्यांचा हात वरच्या वर धरला. बटणात ठिणगी उडते, हे त्यांना गॅस एजन्सीच्या कागदावर वाचलेलं आठवत होतं. आधी काचा उघडा, बटणांना हात लावायचा नाही. भर दिवसा बायकोने हात धरण्याची ही आपली पहिलीच वेळ, असं काका नंतर जरा लाजूनच सांगत.

घाबरलेला माणूस काम सोडून देतो. घाबरलेला निवृत्त माणूस अभ्यासाला लागतो. पुढच्या दोन महिन्यांत काकांनी इतकं वाचलं की आता त्यांच्यासमोर साधा डासांचा स्प्रे मारायचीही चोरी झाली आहे.

त्यांच्या शास्त्रात रंग हा सगळ्यात शेवटचा अध्याय. आधी वस्तू भांड्यांच्या साबणाने धुवायची. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, तोही पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ उडून नाकात जात नाही. काका डोळे मिटून घासतात आणि करंगळीने चाचपतात. उघडं प्लॅस्टिक असेल तर त्यावर प्लॅस्टिकचा खास प्रायमर हवा, नाहीतर रंग उन्हाळ्यात साप कात टाकतो तसा निघतो. मग अस्तर. अस्तरावर पुन्हा पेपर. इथवर येता येता इतर माणसांचा रविवार संपलेला असतो. काकांचा सडा चालू असतो. होय, सडा! जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते आणि ओल्या रंगावर येत नाही. फवाऱ्याच्या दिवशी पहाटे काकू दारात रांगोळी काढत असतात आणि काका टाकीमागे सडा घालत असतात. नवख्या पाहुण्याला वाटावं, घर फार धार्मिक आहे.

त्यानंतर डबा हलवण्याचा विधी. आतली गोळी टकटक वाजायला लागल्यापासून घड्याळ लावून तीन मिनिटं. त्या खुळखुळ्याने दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ हमखास हसतं आणि त्याची रात्रपाळीहून आलेली आई हमखास रडकुंडीला येते.

फवारा मारताना अंतर एक वीत आणि चार बोटं. वस्तूच्या बाहेर बटण दाबायचं, वस्तूवरून सरळ जायचं, पलीकडे गेल्यावर सोडायचं. मधेच थांबलात की ओघळ आलाच. पहिला हात इतका पातळ की पावडर लावल्यासारखा दिसावा, खालचं अस्तर डोकावत राहावं. मग दहा मिनिटं थांबायचं आणि दुसरा हात. ही दहा मिनिटं म्हणजे माणसाची खरी परीक्षा, असं काकांचं म्हणणं. "वाळतोय" हा त्यांचा आवडता शब्द. तो उच्चारताना त्यांचा चेहरा बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या आजोबांसारखा होतो.

या परीक्षेत मी नापास झालेलो आहे. माझ्या स्कूटरचं मडगार्ड मी जुलैत, पाऊस जरा उघडला म्हणून, घाईघाईत रंगवलं. काळा रंग बघता बघता दुधाळ झाला. काकांना बोलावलं. त्यांनी मागे हात बांधून मडगार्डला प्रदक्षिणा घातली. "ढग धरलेत," ते म्हणाले. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेतलं पाणी त्याच्यावर बसून रंगात अडकतं. शिवाय मी डबा फार जवळ धरलेला, त्यामुळे खालच्या कडेला आंब्याच्या चिकासारखे ओघळ. आणि वाळला की नाही ते बघायला मी बोट लावलेलं. "ठसा स्वच्छ उमटलाय," काकांनी भिंग काढून सांगितलं, "बँकेत चालेल."

पण काकांचा जीव खरा अडकलाय मास्कमध्ये. साध्या मास्कने कण अडतात, वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाचं डबडं लागतं. नाकाला वास यायला लागला की डबडं संपलं. काम नसतानाही ते हवेतलं काहीबाही शोषत राहतं म्हणून काका ती डबडी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतात. हा डबा पूर्वी चिवड्याचा होता. दिवाळीत एका पाहुण्याने तो मोठ्या आशेने उघडला होता.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका उत्साही मुलाने बाइकच्या टाकीसाठी हार्डनरवाला क्लिअर कोट आणला. काकांनी डबा वाचला आणि प्रथमच आवाज चढवला. त्यात आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर दमा जडू शकतो. ते काम रंगाच्या बंदिस्त बूथमधलं, बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालून करायचं. "हे मी पण नाही मारत," असं काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य कोणी त्याआधी ऐकलं नव्हतं. मुलगा निमूटपणे मिस्त्रीकडे गेला.

सेक्रेटरीच्या काळ्या गाडीचं प्रकरण मात्र काका स्वतः सांगत नाहीत. वारा फिरला आणि गाडीवर चंदेरी धूळ बसली. दिसायला काही नाही, पण हात फिरवला की खरखर. पुढचे चार रविवार काका चिकणमातीसारखा एक गोळा घेऊन ती गाडी चोळत होते. तेव्हापासून फवाऱ्याच्या तीन दिवस आधी ग्रुपवर वाऱ्याच्या दिशेसह सूचना येते. होळीच्या रात्री तर ते काठी घेऊन ढिगाऱ्याशी उभेच असतात. पोरांनी रिकामा डबा आत टाकला तर तो बाँबसारखा फुटतो.

या डब्याचा इतिहासही त्यांना पाठ आहे. १९४९ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या सिकामोर गावी एडवर्ड सेमूर नावाच्या माणसाने रंगाचा फवारा डब्यात भरला, असं ते रंगवून सांगतात. "कल्पना त्याच्या बायकोची," काकू आतून जोड देतात, "बॉनी तिचं नाव." काका खोकतात.

कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या खाड्यांशेजारी, काकूंनी त्या 'अठराशेच्या वाटी'चा हिशोब मांडलाय. डबे, प्रायमर, पेपर, मास्क, गॉगल, सेक्रेटरीच्या घरी पाठवलेले पेढे. बेरीज मुद्दामच केलेली नाही.

झाकण मात्र झकास जमलं. इतकं, की गाडी शेजारी कळकट दिसायला लागली. चौदा वर्षांच्या उन्हाने उतरलेला मूळ रंग आणि हा नवा, दोघांचं जमेना. काका आता उजव्या आरशाकडे बघतात, आणि मधूनच बॉनेटकडे. ते बघतायत हे काकूंनी पाहिलंय.

परवा दोघं लग्नाला निघाले होते. मी गेटपाशी होतो. डावा आरसा मागून उघडाबोडका, आतली यंत्रं दिसताहेत. काकू पैठणी नेसून पुढच्या सीटवर, मांडीवर जुन्या धोतराच्या तुकड्यावर ते झाकण, तान्ह्या नातवाला धरावं तसं दोन्ही हातांनी धरलेलं. रंग पुरता पक्का व्हायला आठवडा लागतो, तोवर खांबाचा भरवसा कोणी धरायचा?

"काय हो काकू, हे काय?" मी विचारलं.

काकूंनी बोटं कडेला लागू नयेत म्हणून मनगटानेच पदर सारखा केला.

"वाळतोय," त्या म्हणाल्या.