समुद्राची खासगी शिकवणी

भाऊसाहेबांना घोळक्यात काही शिकता येत नाही. पोहायला ते चाळिशीत शिकले, तेही तलावावरची शेवटची बॅच निघून गेल्यावर, मास्तरांना वेगळे पैसे देऊन. गाडी शिकले ती रविवारी पहाटे साडेपाचला, ज्या वसाहतीत अजून कोणी राहायला आलं नव्हतं तिथल्या रस्त्यांवर. पेटी शिकायला घेतली तेव्हा सूर शेजारी जाऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या. बंद खोलीत घाम पुसत मास्तर भूपाची सरगम सांगत राहिले.

भाऊसाहेब हे एका माणसाचं नाव नव्हे, ती एक जमात आहे. कोथरूडात ती सापडते, ठाण्यात सापडते, नाशिकच्या गंगापूर रोडला सापडते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, साठीच्या अलीकडे. ऑफिसात हाताखाली बरीच माणसं. सोसायटीच्या सभेत शेवटचं भाषण यांचं. 'साहेब, हे चुकलं' असं त्यांना कोणी तोंडावर म्हणून कैक वर्षं झालेली. डिसेंबर आला की ही मंडळी कुटुंबासह गोव्याला जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकडे बघत जाहीर करतात, ''मी सर्फिंग करणार.''

यंदा आश्वेच्या किनाऱ्यावर अशाच एका भाऊसाहेबांच्या कुटुंबाशेजारी माझी खुर्ची होती. आश्वे-मांद्रेचा हा पट्टा नवशिक्यांना सोयीचा. तळाला वाळू, उतार मंद, आणि पावसाळा सरला की लाटा गुडघ्या-कमरेएवढ्या. पाच-सहा जणांच्या गटात शिकण्याची सोय होती आणि ती स्वस्तही होती. भाऊसाहेबांनी खासगी धडा घेतला. ''वैयक्तिक लक्ष मिळतं,'' ते म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पडताना कोणी बघू नये, याचे ते जादा पैसे होते, हे त्यांना लग्नापासून ठाऊक असावं.

जमातीचा पूर्वाभ्यास दांडगा असतो. आदल्या रात्री यूट्यूबवर हवाई ते ऑस्ट्रेलिया सगळं पाहून झालेलं. फोनवर भरती-ओहोटीचं ॲप. अंगात नवाकोरा रॅश गार्ड, म्हणजे अंगासरशी बसणारा तो पोहण्याचा सदरा. दुकानदाराने 'ताणतो' म्हणून एक माप लहान दिलेला. तो ताणला होता खरा, पण पोटापाशी त्याची सहनशक्ती संपत आली होती.

शिकवायला आलेला मुलगा वेंगुर्ल्याकडचा. वय बाविशीच्या आसपास, केस उन्हाने तांबूस, बोलणं मालवणी आणि हिंदीचं मिश्रण. भाऊसाहेबांनी अकराची वेळ मागितली होती. नाश्ता आरामात व्हावा हा हेतू. मुलाने आदल्या दिवशीच ती आठवर आणली होती.

''दुपारी भायरसून वारो सुटता, सर. मगे लाटो इस्कटतत. आठाक येवा.''

यात सगळा भूगोल होता. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. ते लाटेला समोरून थोपवतात, त्यामुळे लाट नीट उभी राहते आणि गुळगुळीत राहते. दुपारी समुद्राकडून खारे वारे आले की पाण्याचा नुसता गोंधळ होतो. शाळेत 'फरक स्पष्ट करा' मध्ये भाऊसाहेबांनी हे लिहिलंही असेल. सुट्टीत त्याचा उपयोग होईल, अशी मात्र कल्पना नव्हती.

भाऊसाहेबांनी ॲप उघडलं. ''भरती किती वाजता होती, बघू...''

''आज अष्टमी मां? साच्या सुमारास,'' मुलगा म्हणाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. उधाण अमावस्या-पौर्णिमेला. ॲपला रेंज मिळून ते हेच सांगेपर्यंत मुलगा बोर्ड आणायला गेला होता.

बोर्डावरून पहिला प्रसंग. भाऊसाहेबांना व्हिडिओतला आखूड, टोकदार बोर्ड हवा होता. मुलाने त्यांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि भर किनाऱ्यावर विचारलं, ''वजन किती, सर?''

''अठ्ठ्याहत्तर.''

''शहाऐंशी,'' खुर्चीतून वहिनी.

मुलाने ९ फुटी, मऊ फोमचा, निळा, अवाढव्य बोर्ड उचलला. जितकं वजन जास्त आणि अनुभव कमी, तितका बोर्ड मोठा. तो तरंगतो जास्त, डगमगतो कमी आणि डोक्यात बसला तर टाकेही कमी पडतात. आखूड बोर्ड ज्यांना येतं त्यांच्यासाठी. भाऊसाहेबांनी हे तत्त्व म्हणून मान्य केलं.

मग त्यांनी मुलाला इतिहास शिकवला. खासगी शिकवणीत शिकवण्याचा हक्क दोघांनाही असतो, अशी या जमातीची समजूत आहे. कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जेम्स किंगने १७७९ मध्ये हवाईच्या लोकांना फळीवरून लाटा तुडवताना पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. मिशनऱ्यांना तो प्रकार पसंत पडला नाही. पुढे ड्यूक कहानामोकूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं, आणि सर्फिंग जगभर नेलं ते त्यानेच. भारतात २००४ साली कर्नाटकातल्या मुल्कीला एका अमेरिकन स्वामींनी आश्रमात सर्फिंगची शाळा काढली. मुलगा मान डोलावत बोर्डाला लीश बांधत होता. लीश म्हणजे बोर्ड आणि घोटा यांना जोडणारी दोरी. इतिहास टोकियो ऑलिम्पिकपर्यंत आला तेव्हा मुलाने विचारलं, ''सर, म्होरलो पाय खंयचो?''

''उजवा,'' भाऊसाहेब ठामपणे म्हणाले. गृहप्रवेशाला, बोहल्यावर, नव्या ऑफिसात, आजवर प्रत्येक उंबऱ्यावर त्यांनी उजवा पाय आधी टाकला होता.

मुलगा काही बोलला नाही. तो त्यांच्या मागे गेला आणि त्याने पाठीवर हलकेच धक्का दिला. भाऊसाहेब पुढे कोलमडले आणि तोल सावरायला डावा पाय आपोआप पुढे आला. पाय ओळखण्याची हीच रीत आहे. बेसावध धक्क्याला शरीर खरं उत्तर देतं. लीश मागच्या, म्हणजे उजव्या पायाला बांधली गेली. आपल्याला मागून ढकलणारा माणूस ऑफिसात असता तर त्याची बदली कुठे केली असती, याचा विचार भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला.

वाळूवरचा अभ्यास सुरू झाला. बोर्डावर पालथं झोपायचं. हातांनी वल्हवायचं. तळवे छातीशी टेकायचे, छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं.

''हे भुजंगासन आहे!'' भाऊसाहेब खूश झाले. ''मी रोज बारा सूर्यनमस्कार घालतो.''

''ह्यां ताच, सर. फक्त एका सेकंदात.''

भाऊसाहेब पंगतीत जेवून उठतात तसे उठले. आधी उजवा तळवा जमिनीला, मग एक गुडघा, मग एक 'हं', मग दुसरा गुडघा, मग कोणी हात देतंय का म्हणून इकडेतिकडे पाहणं, आणि शेवटी उभे राहून सदरा खाली ओढणं. मुलगा शांतपणे म्हणाला, ''गुडघो टेकू नकात. लाट थांबाची नाय.''

मग पाण्यात. कमरेइतक्या पाण्यात मुलगा बोर्डाची शेपटी धरून उभा, वर भाऊसाहेब पालथे, तोंड किनाऱ्याकडे. नवशिक्यांना फुटायच्या बेतातली हिरवी लाट देत नाहीत. फुटून झालेल्या लाटेचा पांढरा फेस देतात, कारण त्याचा ढकलण्याचा जोर सरळ असतो. मागून फेस आला, मुलाने बोर्ड लोटला आणि ओरडला, ''उठा!''

भाऊसाहेबांनी पडण्याचे सगळे मान्यताप्राप्त प्रकार करून दाखवले. वजन पुढे गेलं की बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि भाऊसाहेब नाकावरून पलीकडे. वजन मागे राहिलं की बोर्ड जागीच थबकला, लाट त्यांना सोडून एकटीच किनाऱ्याला गेली. कधी उभे राहता राहता त्यांनी आपले पाय जागेवर आहेत ना म्हणून खाली पाहिलं, आणि जिकडे नजर तिकडेच गेले.

''पायांकडे बघू नकात, सर. ते खंय जाणत नाय. तो माड बघा, माड!''

पडावं कसं याचंही शास्त्र आहे. पाणी उथळ, म्हणून सूर मारायचा नाही, आडवं पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण लीशने बांधलेला बोर्ड मालकाकडे परत येतो. हे मात्र भाऊसाहेबांना पहिल्यापासून उत्तम जमलं.

एव्हाना खासगीपणाची काय अवस्था झाली होती? योगासनं करणारी एक रशियन बाई आसन अर्धवट सोडून बघत होती. शॅकमधली पोरं टेबलं पुसायची थांबली होती. शेजारच्या गटातली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी राहून सरळ किनाऱ्यापर्यंत आली आणि आता बोर्डावर बसून भाऊसाहेबांना पाहत होती. आणि पाण्याच्या कडेला, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, इचलकरंजीचं एक सात-आठ जणांचं कुटुंब रांगेत उभं होतं. त्यातल्या मिशीवाल्या काकांना राहवेना.

''ओ दादा! गुडघ्यात वाका की वो! कमरंत वाकालाय तुमी!''

भाऊसाहेबांनी ऐकू न आल्याचं दाखवलं. पण मुलगा हसला, कारण 'ढोपरात वाका' हेच तो सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होता. नवशिक्या तोल जाताच कमरेतून वाकतो, डोकं पुढे जातं आणि मागोमाग बाकीचा देह जातो. गुडघे वाकवले तर वजन बोर्डाच्या मधोमध राहतं. दरडावून सांगणारा मात्र इचलकरंजीहून यावा लागला.

पुढच्या फेसाला भाऊसाहेब उठले. गुडघा टेकला नाही असं म्हणता येणार नाही, पण लवकर उचलला. दोन्ही हात पसरलेले, गुडघे वाकलेले, डोळे माडावर आणि तोंड उघडं. बोर्ड चालू लागला. दहा-पंधरा मीटर असतील. भाऊसाहेब घोट्याइतक्या पाण्यापर्यंत उभे आले आणि सावकाश, स्वतःच्या मर्जीने खाली उतरले. इचलकरंजीकरांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी शिट्टी मारली, रशियन बाईने दोन्ही अंगठे वर केले.

भाऊसाहेबांनी चटकन खुर्च्यांकडे पाहिलं. वहिनी शहाळेवाल्याकडून सुटे मोजून घेत होत्या. कन्येचा फोन चार्जिंगला होता. ज्याच्यासाठी आयुष्यभर दारं-खिडक्या लावून शिकले, तो क्षण आला आणि घरच्यांपैकी कोणीही पाहिला नाही.

''काढलाय, काढलाय व्हिडिओ!'' काका फोन नाचवत आले. ''नंबर सांगा, धाडतो.'' आणि ऑफिसातल्या लोकांनाही आपला खासगी नंबर न देणाऱ्या भाऊसाहेबांनी तो अनोळखी माणसाला खणखणीत आवाजात, दोनदा सांगितला.

दुपारी त्यांना दंड वर करून भांग पाडता येईना. मान आणि पोटऱ्या लालबुंद. अशा वेळी या जमातीला थोर माणसांचा आधार लागतो, आणि तो आहेही. मार्क ट्वेनने हवाईत हा उद्योग केला तेव्हा फळी किनाऱ्याला लागली आणि लेखक पाण्याखाली राहिले, असं त्यांनीच १८७२ च्या पुस्तकात कबूल केलंय. जॅक लंडनने १९०७ मध्ये वायकिकीला लाटांवर इतकं ऊन खाल्लं की दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठू शकले नाहीत. भाऊसाहेब हे सांगत असताना कन्येने फोनवर शोधून काढलं, की ॲगाथा ख्रिस्ती १९२२ साली होनोलुलूला लाटेवर चक्क उभी राहायला शिकली होती. त्यावर भाऊसाहेब म्हणाले, त्या बाईंचं वय तेव्हा कमी होतं. ते खरंच आहे.

वायकिकीच्या हॉटेलांसमोर गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून स्थानिक तरुण श्रीमंत पाहुण्यांना असेच शिकवत आले आहेत. म्हणजे भाऊसाहेबांची ही जमात शंभर वर्षांहून जुनी, आणि प्रत्येक किनाऱ्यावर तिला उभं करणारा कोणी तरी बाविशीतला मुलगा असतो. व्हिडिओच्या सुरुवातीला बोर्डाची शेपटी लोटणारे त्या मुलाचे हात दिसत होते. सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा सुरुवातीचे तीन सेकंद कापलेले होते. काकांची शिट्टी मात्र भाऊसाहेबांनी ठेवली.

तेव्हा यंदा किनाऱ्यावर गेलात आणि लाटेवर उभं राहावंसं वाटलं, तर वय न बघता जा. वजन खरं सांगा, डोळे माडावर ठेवा, गुडघ्यात वाका. पण धडा गटातलाच घ्या. पैसे वाचतील, पडणं तेवढंच मिळेल, आणि उभे राहाल तेव्हा ते बघायला माणसं हाताशी असतील.