ताज्याचा तोरा

मंडईत आपल्याला मान आहे, असा प्रस्तुत लेखकाचा समज आहे. भाजीवाल्या मावशी मात्र त्याला लांबून पाहिलं, की मटाराची पाटी थोडी मागे ओढतात. शेंग कानाशी नेऊन वाजवायची, नखानं उघडायची, एक दाणा तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं "सासवडकडचा दिसतोय!" म्हणायचं. एवढं सगळं झाल्यावर खरेदी पाव किलो. फ्रोझन मटाराचं पाकीट दिसलं, की नाटकवाल्यानं मालिकेचं नाव ऐकावं तशी तो मान फिरवतो.

आता शेंग वेलीवरून तुटली, की दाण्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं. ट्रक, आडत आणि पाटी असा प्रवास करून ती लेखकाच्या कानाशी येते, तोवर गोडी बरीच उतरलेली असते. फ्रोझनवाले तोडणीनंतर काही तासांतच दाणे उकळत्या पाण्यातून काढतात आणि झटपट गोठवतात. त्या पाण्यात थोडं क जीवनसत्त्व जातं, पण चव आणि रंग बिघडवणारी विकरं थंडावतात. सावकाश गोठवलं, तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि दाणा लिबलिबीत होतो. हे घाईचं मर्म क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन गृहस्थ लॅब्राडॉरच्या इन्युइट लोकांकडून शिकला. तिथल्या वाऱ्यात मासा बघता बघता गोठे आणि पुढे कधीही शिजवला तरी ताजा लागे. मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याची गोठवलेली पाकिटं विकायला आली.

पण मंडईतला मटार सोलायचा कुणी?

लेखकाची रसिकता पिशवी ओट्यावर ठेवली, की संपते. आई दुपारभर परात पुढ्यात घेऊन बसायची. किलोभर शेंगांचे जेमतेम निम्मे दाणे व्हायचे आणि अंगठ्याचं नख हिरवं होऊन दुखायचं. रात्री पंगतीत "वा, काय मटार आहे!" म्हणत सगळे मटाराचं कौतुक करत. ताज्याचा हट्ट धरणाऱ्या मंडळींचे अंगठे असे स्वच्छ कसे राहतात, याचा राग यायला लेखकाला फार उशीर झाला.

बायकोला रागाला वेळ नव्हता. ती कामावरून येता येता पाकीट घेऊन आली. न वितळवता मूठभर दाणे थेट खिचडीत घातले, दोन वाफा काढल्या, जेवण तयार. मग मक्याचे दाणे आले, खोवलेला नारळही आला.

लेखकानं आता पक्ष बदललाय, तोरा तोच आहे. पाकीट उलटून तो पाहुण्यांना वाचून दाखवतो, "घटक: मटार. बस!" टिक्की आणि नगेट्स घेणाऱ्यांना मीठ-तेलाबद्दल झापतो. परवा उघड्या फ्रीजपाशी उभा राहून तो उणे १८ अंशांचं महत्त्व समजावत होता. व्याख्यान रंगात आलं होतं.

"अहो," बायको म्हणाली, "आधी ते दार लावा."